भावानं दिलेला शब्द

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज आटोपली आणि दियाबच्या दारात एकामागून एक सात गाड्या येऊन उभ्या राहिल्या. मिस रस्मियानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या मोजल्या. एवढी माणसं कुणाच्या घरी एकदम जातात ती दोनच कामांसाठी. एक तर मुलगी मागायला, नाहीतर खुनाची माफी मागायला. दियाबची मुलगी शुरूक अकरा वर्षांची होती, आणि त्यांच्या घरात खून तर कुणीच केलेला नव्हता. म्हणजे उरली ती स्वतः.

रस्मिया दियाबची थोरली बहीण. वय सेहेचाळीस, लग्न झालेलं नाही, गावातल्या मुलींच्या सरकारी शाळेची मुख्याध्यापिका. गावात तिला नुसत्या नावानं कुणी हाक मारत नसे. ज्या आजीबाईंनी जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती, त्यासुद्धा तिला मिसच म्हणायच्या. शाळेत तिच्या एका नजरेनं साठ पोरी चिडीचूप व्हायच्या. पण घरात पाहुणे आले की बैठकीच्या खोलीचं दार तिच्यासाठी बंद, हेही तितकंच खरं होतं. आताही ते बंदच होतं आणि पलीकडे बावीस माणसं गाद्यांवर टेकून बसली होती. मधे एक भिंत, भिंतीत एक दार, आणि दाराला कान लावून उभ्या दोघी. एक रस्मिया आणि दुसरी तिची भावजय फिद्दा.

आत दियाबनं दल्ल्यातून, लांब चोचीच्या किटलीतून, कडू कॉफी ओतली आणि पहिला पेला हाजी मुफ्लिहला दिला. हाजी म्हणजे गावातला सगळ्यांत मोठा माणूस. वयानंही मोठा आणि शब्दानंही. त्यानं पेला घेतला, पण ओठाला लावला नाही, समोर जमिनीवर ठेवून दिला. मग बाकीच्यांनीही आपापले पेले खाली ठेवले. दोघींना यातलं काही दिसत नव्हतं, पण आतलं बोलणं अचानक थांबलं त्यावरून दोघींनाही कळलं. पेला खाली ठेवला याचा अर्थ, आमचं काम कर, तरच तुझ्या घरची कॉफी पिऊ. काम झालं नाही तर पेले तसेच ठेवून माणसं उठतात, आणि मग त्या घराची जी शोभा होते ती नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरते. दियाबच्या बापाच्या दारातून असं कुणी कधी उठून गेलं नव्हतं. दियाबला ही गोष्ट दिवसातून तीनदा सांगायची सवय होती.

"दियाब," हाजी म्हणाला, "आम्ही तुझ्या बापाच्या दारात आलोय, तुझ्या नाही. तुझी बहीण आम्हाला आमच्या मुलीसारखी. तिनं शाळेच्या बाबतीत जो अर्ज केलाय तो तिनं मागे घ्यावा. एवढंच मागणं आहे."

रस्मियानं कपाळ दाराला टेकवलं.

झालं होतं ते असं. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर गावातल्या शाळेचे सातवी ते दहावीचे वर्ग बंद करायचे आणि पोरींना बारा किलोमीटरवरच्या रुजमच्या शाळेत धाडायचं, असं शिक्षण खात्यानं ठरवलं होतं. पट कमी झाला, हे कारण. पट कमी होणारच होता. ज्यांच्या हातात चार पैसे होते त्यांनी आपली मुलं केव्हाच शहरातल्या खाजगी शाळेत घातली होती, हाजीची नातवंडं त्यांत पहिली. सरकारी शाळा म्हणजे फुकटची, आणि फुकटचं ते हलकं, असं मानायची गावाला सवय लागली होती. पण ज्यांना शहर परवडत नव्हतं त्यांच्या पोरींचं काय होणार, हे रस्मियाला पाटीवर लिहिल्यासारखं दिसत होतं. वरच्या वस्तीवरची शाळा चार वर्षांपूर्वी अशीच बंद झाली. तिथल्या एकोणीस पोरींपैकी रुजमच्या बसमध्ये चढल्या चौघी. बाकीच्यांच्या बापांनी म्हटलं, बस परक्याची, रस्ता उजाड, पोर वयात आलेली, लिहायला-वाचायला आलं तेवढं पुष्कळ झालं. त्यांतल्या सहा जणींची लग्नं झाली होती आणि एक तर रस्मियाकडे स्वतःच्या बाळाला घेऊन आली होती. तिला बाळाच्या लशीचा कागद वाचून हवा होता, कारण येत होतं तेवढं वाचणंही ती विसरून गेली होती.

म्हणून रस्मियानं पालकांना उठवायचं ठरवलं. आधी तिनं बापांची सभा बोलावली. साठ पोरींच्या बापांपैकी आले पाच, त्यांतले दोघे चुकून. मग तिनं मोर्चा आयांकडे आणि गावातल्या बाकीच्या बायांकडे वळवला. ऑलिव्ह उतरवायचे दिवस होते, बाया सकाळपासून झाडांखाली ताडपत्र्या पसरून बसलेल्या. रस्मिया शाळा सुटली की एकेका बागेत जायची, काठी घेऊन फांद्या झोडायची, त्यांच्यासोबत बसून पानं निवडायची, आणि चहाची किटली चुलीवर चढली की हळूच विषय काढायची. बाया हसायच्या, टाळाटाळ करायच्या, नवऱ्याला विचारते म्हणायच्या. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. सात आठवड्यांत तिनं एकशे बेचाळीस सह्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी कागदांवर तेलाचे डाग होते. आपलीही सही धरून एकशे त्रेचाळीस नावांचा तो अर्ज तिनं खात्याला पाठवून दिला आणि त्या दिवशी ती घरी गाणं गुणगुणत आली.

चूक एकच झाली, पण ती या गावात माफ होण्यातली नव्हती. ती हाजीच्या दिवाणात, म्हणजे त्याच्या बैठकीत, गेली नाही. आधी जाऊन, बसून, "हाजी, आम्ही असं असं करतोय, तुमचा हात असू द्या," एवढं म्हटलं असतं तर कदाचित हीच बावीस माणसं आज शिक्षण खात्याच्या साहेबाच्या कचेरीत जाऊन बसली असती. पण ज्याची नातवंडं खाजगीत, त्याला काय विचारायचं, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तिच्या नाकावर थोडा राग होता. आणि इकडे हाजीनं फोनवर साहेबाला कधीच सांगून टाकलं होतं की आमच्या गावाची काही हरकत नाही. गाव म्हणजे मी, असं त्याला चाळीस वर्षं वाटत आलं होतं आणि आजवर ते खोटं ठरलं नव्हतं. अर्ज पोचल्यावर साहेबानं चार लोकांत त्याला विचारलं, "हाजी, तुमच्या गावात बायका अर्ज करतात आणि तुम्हाला पत्ता नाही?" म्हातारा असा तोंडघशी पडला. शाळेशी त्याचं वैर नव्हतं. त्याला फक्त त्याची अब्रू परत हवी होती, आणि ती रस्मियाच्या अर्जाखाली अडकली होती.

दियाब कॉफी संपल्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात आला. कॉफी काही संपली नव्हती, कारण कुणी प्यायलंच नव्हतं. त्याचा चेहरा घामानं चमकत होता.

"बावीस पेले जमिनीवर आहेत," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"त्यांना परत पाठवू शकत नाही मी, रस्मिया. तू काहीही म्हण. बापाचं घर आहे हे."

"शुरूक पुढच्या वर्षी सातवीत जाईल," ती म्हणाली. "रुजमच्या बसमध्ये बसवशील तिला?"

दियाबनं हातातला दल्ला उगाच हलवून पाहिला. त्याला नाही म्हणायचं होतं हे तिघांनाही ठाऊक होतं. फिद्दा ओट्यापाशी उभी राहून एकच वाटी पुन्हा पुन्हा पुसत होती. तिनं अर्जावर सही केली नव्हती. नवऱ्याला विचारावं लागलं असतं, आणि विचारायला ती घाबरली होती. नणंद याच घरात राहत असून!

रस्मियाला वाटलं, आत्ता दार उघडावं आणि आत जावं. कागदाची प्रत तिच्या पिशवीत होती. बसलेल्या एकेका माणसाच्या बायकोचं नाव मोठ्यानं वाचावं: तुझी बायको, तुझी बायको, तुझी सून, हाजी, तुमचीसुद्धा सून. बावीसपैकी सतरा जणांची बोलती बंद झाली असती. पण चार पुरुषांत कुणाच्या बायकोचं नाव घेणं म्हणजे तिला उघड्यावर आणणं. त्या बायांनी तेलकट हातांनी तिला आपलं नाव दिलं होतं ते तिच्यावर भरवसा ठेवून. घरी गेल्यावर त्यांना काय सोसावं लागलं असतं ते तिला सांगायला नको होतं. तिच्याजवळचं एकुलतं हत्यार तिला उचलता येत नव्हतं. पुढे गेलं तर बायका मरणार आणि मागे आलं तर शाळा. अशी ती कात्रीत सापडली होती.

"जे माझं आहे ते देऊन टाक," ती शेवटी म्हणाली. "अर्जातून माझं नाव मागे घेतो म्हणून सांग. मी यापुढे त्या विषयावर एक शब्द बोलणार नाही, कुणाशीच नाही, हेही सांग. पण बाकीच्यांची नावं माझी नाहीत. ती देऊ नकोस."

"त्यांना सगळा अर्ज मागे हवाय."

"तू माझ्याबद्दलच शब्द देऊ शकतोस. दुसऱ्यांच्या बायकांचा शब्द तू कसा देणार? तसं विचारलं कुणी तर म्हण."

दियाब दल्ला घेऊन परत गेला. दाराआडून त्याचा आवाज आला, थोडा कापरा, पण स्पष्ट. त्यानं तिनं सांगितलं तसंच सांगितलं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. मग म्हणाला, "आता कॉफी घ्या, हाजी."

हाजी काही बुद्दू नव्हता. उरलेल्या नावांचं काय, हे विचारायचं त्याच्या जिभेवर आलं असणार. पण विचारलं असतं तर आजूबाजूला बसलेल्या प्रत्येकाला आपल्या घरची लक्तरं मांडावी लागली असती. शिवाय त्यानं हिशेब केला की मिस गेली म्हणजे मागे राहतात त्या ऑलिव्ह निवडणाऱ्या बाया, त्या काय करणार. त्यानं पेला उचलून तोंडाला लावला. मग सगळ्यांनी लावला, आणि घरात एकदम गप्पा सुरू झाल्या, पावसाच्या, तेलाच्या भावाच्या. रस्मिया मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

गावात ही बातमी पसरायला एक रात्र पुरली. शुक्रवार-शनिवार आठवड्याची सुट्टी असे. रविवारी सकाळी ती शाळेच्या फाटकाशी पोचली तर उम्म कुतैबा तिथे उभी. उम्म कुतैबा म्हणजे कुतैबाची आई. तिला पाच मुली आणि सगळ्यांत धाकटा कुतैबा, पण तिला हाक मारायची ती त्याच्याच नावानं. ऑलिव्हच्या बागेत पहिली सही तिनंच केली होती, आणि नंतर इतर तीस जणींना हाताला धरून आणलं होतं.

"मिस, तुम्ही नाव मागे घेतलं म्हणतात. खरं का?"

रस्मियानं मान हलवली. एवढंही बोलणंच झालं, पण खोटं वागायला तिला जमणार नव्हतं.

"आणि आमची नावं? तीही दिलीत?"

उत्तर सोपं होतं, दोन शब्दांचं. नाही दिली. पण कुणाशीच नाही, असं तिनं स्वतःच भावाच्या तोंडून सांगायला लावलं होतं, आणि त्यावर बावीस पेले रिकामे झाले होते. ती उभी राहिली मूग गिळून.

"आमच्या चुलीवरचा चहा प्यायलात," उम्म कुतैबा म्हणाली, "आमच्या पोरींच्या शपथा घेतल्यात. आणि भावाच्या घरी चार दाढ्या येऊन बसल्या तर आम्हाला विकून मोकळ्या झालात. माझ्या नवऱ्यानं मला काय काय ऐकवलं माहीत आहे? तुझी मिस आमच्यापेक्षा शहाणी निघाली म्हणे."

ती आणखीही बरंच बोलली. फाटकातून आत जाणाऱ्या पोरी थबकून ऐकत होत्या, आणि मुख्याध्यापिकेला कुणीतरी रागावतंय हे त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. रस्मिया शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग वर्गाकडे गेली. त्या दिवशी तिनं फळ्यावर तारीख चुकीची लिहिली.

फिद्दा मात्र घरी धुमसत होती. ज्या बाईनं सही करायला सात आठवडे घाबरून काढले तीच आता म्हणायला लागली, मी जाऊन सांगते सगळ्यांना. शब्द तुमच्यावर आहे, माझ्यावर नाही. रस्मिया आधी हो म्हणणारच होती. तिला ते हवं होतं, फार हवं होतं. बेकरीत बाया तिच्याकडे पाठ करायच्या, सलामाला उत्तर द्यायच्या नाहीत, आणि वीस वर्षं जिला रस्त्यात चालताना दर दहा पावलांना कुणीतरी थांबवत असे तिला आता सरळ घरी पोचता येत होतं. पण त्याच आठवड्यात दुसरंही काही घडत होतं. उम्म कुतैबाच्या अंगणात रोज दुपारी बाया जमत होत्या. तिकडे त्या मिसला शिव्या देत, आणि शिव्या देता देता पुढे काय करायचं ते ठरवत. जी कामं रस्मियानं हात जोडून सांगितल्यावरही झाली नव्हती ती आता आपोआप होत होती. कुणी नवऱ्याशी भांडली, कुणी सासूला फितवली, कुणी रुजमच्या बसवाल्याला गाठून विचारलं की चाळीस बायांना शहरात न्यायला काय घेशील. मिसला दाखवून देऊ, हे त्यांचं वाक्य होतं.

"सांगू नकोस," रस्मिया फिद्दाला म्हणाली.

"का पण? त्या तुम्हाला काय काय म्हणतायत ते कानांनी ऐकवत नाही."

"मी चांगली आहे हे कळलं की त्या पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत बसतील. आणि माझं तोंड बंद आहे."

फिद्दाला हे पटलं नाही. पण मंगळवारी सकाळी बस आली तेव्हा ती शुरूकला शाळेत सोडून, नवऱ्याला काही न विचारता, बसमध्ये जाऊन बसली. शाळेच्या खिडकीतून रस्मियानं ती बस चढावरून जाताना पाहिली. खिडक्यांतून काळे-निळे रुमाल दिसत होते, कुणाच्या तरी मांडीवर रडणारं बाळ होतं. एकीनं शाळेकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. रस्मियाला आनंद झाला आणि त्याच क्षणी इतका एकटेपणा वाटला की तिनं खिडकीची कडी घट्ट धरून ठेवली.

कचेरीत काय झालं ते तिला फिद्दानं सांगितलं. साहेबानं आधी बाहेर बसवलं, तर त्या बसल्या, जिन्यावर, दारात, त्याच्या गाडीभोवती. बरोबर नेलेली भाकरी-ऑलिव्ह तिथेच काढून खाल्ली. साहेबानं हाजीला फोन लावला. हाजी म्हणाला, मिसचं नाव मागे घेतलं, माझं काम झालं, आता या कुणाच्या सांगण्यावरून आल्या ते मला काय माहीत. पुन्हा बावीस घरांत बावीस पेले ठेवत फिरायची त्याची तयारी नव्हती. त्या तिथे तीन मंगळवार गेल्या. तिसऱ्या मंगळवारी साहेबानं लिहून दिलं की शाळेचे वर्ग आहेत तिथेच राहतील, आणि दर महिन्याला पालकांची समिती पट तपासेल. समितीतले पालक कोण, तर आयाच. बापांपैकी कुणी अर्जच केला नव्हता.

तो कागद शाळेत आणून दिला उम्म कुतैबानं. रस्मियाच्या टेबलावर ठेवला.

"शाळा राहिली, मिस. तुमच्यावाचून राहिली."

"मुबारक असो, उम्म कुतैबा," रस्मिया म्हणाली. शाळा राहिलीच होती, तेव्हा अभिनंदन करण्यात शब्द मोडत नव्हता, याचा तिनं आधी विचार करून ठेवला होता.

समितीची पहिली सभा जानेवारीतल्या एका गुरुवारी सातवीच्या वर्गात भरली. बाहेर धुकं होतं. रस्मियानं शाळा सुटताच गॅसची शेगडी लावून वर्ग ऊबदार केला होता, बाकं भिंतीला सरकवून खुर्च्या गोल मांडल्या होत्या, मरमियेच्या वाळल्या पानांचा चहा करून ठेवला होता. अकरा बाया आल्या. त्यांत फिद्दाही होती, रीतसर निवडलेली. सगळ्या बसल्यावर रस्मियाही कडेची एक खुर्ची ओढायला लागली, तेव्हा उम्म कुतैबा म्हणाली की आमचं असं ठरलंय, सभेत मिस नको. इथलं बोलणं कुणाच्या दिवाणात जायला नको. तिनं हे रागानं म्हटलं नाही. राग केव्हाच ओसरला होता. हा आता नियम होता, आणि चांगला नियम होता. रस्मियानं कुणालाही हाच सल्ला दिला असता.

ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. मागोमाग फिद्दा धावत आली. तिचे डोळे भरले होते.

"आता तर सांगू देत मला. सगळं झालं ना. शाळा वाचली. आता कशाला?"

आतून बोलण्याचा आवाज येत होता. कुणीतरी विचारत होतं की वरच्या वस्तीवरच्या त्या पंधरा पोरींना परत आणता येईल का, आणि उम्म कुतैबा म्हणत होती, का नाही येणार, त्यांच्या आयांना गाठू. हे रस्मियाच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"शुरूकची आई म्हणून तुला निवडलंय," ती फिद्दाला म्हणाली. "आत जा. तुझ्यावाचून मतं पुरी होणार नाहीत."

फिद्दा आत गेली, दार पुन्हा लागलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं, पोरी केव्हाच घरी गेल्या होत्या. रस्मिया आठवीच्या रिकाम्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसली. तिथून पलीकडचं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. पण मान मात्र भिंतीकडेच वळलेली होती, कारण आत आता त्या पंधरा पोरींसाठी मतं मोजत होत्या आणि तिला किती झाली ते ऐकायचं होतं.